पोत्याला एकच भाव, आतल्या गराला सव्वीस

मार्च उजाडला की चंदगड, आजरा, खानापूरचा पश्चिम भाग, दोडामार्ग, सावंतवाडी आणि गोव्यातली सत्तरी, या सगळ्या पट्ट्यात सकाळी एकच चौकशी असते : आज बीचा दर काय निघाला? उत्तरही एकाच आकड्यात येतं. किलोला इतके. बी मोठी असो की बारीक, कडक वाळलेली असो की कालच झाडाखालून गोळा केलेली, दर तोच. फार तर व्यापारी पोत्यात हात घालून मूठभर बी वर काढतो, हातावर खेळवतो आणि दोन-पाच रुपये कमी-जास्त करतो.

तीच बी कारखान्यात गेली, उकडली, कापली, वाळवली, सोलली की चित्र बदलतं. एका पोत्यातून निघालेला गर पंधरा-वीस ढिगांत विभागला जातो आणि प्रत्येक ढिगाचा दर वेगळा. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या ढिगाच्या दरात दुपटीहून जास्त अंतर पडू शकतं. काजूच्या व्यवहारातला पैसा कुठे तयार होतो हे समजून घ्यायचं असेल तर ही प्रतवारी समजून घ्यावी लागते. आणि सीमेच्या तिन्ही बाजूंचा बागायतदार या प्रतवारीच्या बाहेर का राहिला, हा खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आकडा वाढला की गर लहान

दुकानातल्या पाकिटावर डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. हा आकडा दर्जाचा आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो मोजणीचा आकडा आहे. एका पाऊंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, किती अख्खे गर बसतात ते तो सांगतो. डब्ल्यू हे अक्षर पांढऱ्या अख्ख्या गरासाठी. डब्ल्यू १८० म्हणजे पाऊंडात जास्तीत जास्त १८० गर. हा सगळ्यात मोठा, व्यापारी त्याला काजूंचा राजा म्हणतात. त्याच्या खाली २१०, २४०, ३२०, ४५० आणि ५००. आकडा जितका मोठा तितका गर लहान आणि दर कमी. भारतातून सगळ्यात जास्त खपते ती ३२० ची प्रत, कारण आपल्याकडच्या साध्या, बियांपासून वाढलेल्या झाडांचा गर साधारण त्याच मापाचा निघतो.

माप पाऊंडाचं का? हा व्यापार उभा राहिला तो अमेरिकेतल्या गिऱ्हाइकावर. पुढे देश किलोवर आला तरी काजूच्या डब्यातून पाऊंड काही गेला नाही. आजही निर्यातीचा डबा २५ पाऊंडांचाच, म्हणजे ११.३४ किलोचा धरतात.

निर्यात (गुणवत्ता नियंत्रण व तपासणी) कायदा, १९६३ खाली केंद्र सरकारने काजूगराच्या ३३ प्रती ठरवून दिल्या. त्यातल्या २६ प्रती व्यापारात चालतात. आकार हा त्यातला फक्त एक निकष. दुसरा रंगाचा आणि तिसरा अखंडपणाचा.

रंग आणि तुकडा

पांढरा, फिकट पिवळसर किंवा हस्तिदंती गर पहिल्या रांगेत. वाळवताना किंवा भाजताना उष्णता जास्त लागली की गर तांबूस होतो, तो करपट प्रतीत जातो. आतून गर तसाच असतो, चवीतही फरक फारसा नसतो, पण दर खाली येतो. त्याहून गडद, सुरकुतलेले किंवा डागाळलेले गर आणखी खालच्या प्रतीत. किडलेला, खवट वास येणारा किंवा तेलकट झालेला गर मात्र कुठल्याच प्रतीत बसत नाही, तो बाजूला काढावाच लागतो.

मग तुकड्यांची वेगळी वंशावळ. आडवा तुटला पण दोन्ही दळं जोडलेली राहिली तर एक प्रत, उभा फुटून दोन पाकळ्या झाल्या तर दुसरी. त्याखाली मोठा तुकडा, जो ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडत नाही. मग लहान तुकडा, जो २.८० मिलिमीटरच्या चाळणीवर राहतो. शेवटी कणी, १.७० मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारी. अख्ख्या गराच्या डब्यात तुटलेले आणि खालच्या मापाचे गर मिळून ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत.

तुकडा म्हणजे वाया गेलेला माल नव्हे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद इथला मिठाईवाला काजू कतलीसाठी अख्खा गर घेत नाही. तो वाटून टाकायचाच आहे, मग अख्ख्याचे पैसे कशाला मोजायचे? रश्श्याला दाटपणा आणायलाही तुकडाच लागतो. पण कारखान्याचं गणित तुकड्यावर बसत नाही. दहा किलो गरातले सात किलो अख्खे निघाले की सहा, यावर हंगामाचा नफा-तोटा ठरतो.

प्रतवारीच्या टेबलावर

हा अखंडपणा यंत्राने येत नाही, हाताने येतो. बी वाफेवर नेमकी किती उकडायची, हे ठरवणारा एक जाणता माणूस प्रत्येक कारखान्यात असतो. कमी उकडली तर टरफल नीट सुटत नाही, जास्त उकडली तर गराचा रंग जातो. मग हाता-पायाने चालणाऱ्या यंत्रावर बी कापायची. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून कापणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावून बसतात. कापलेला गर भट्टीच्या कपाटात वाळवतात, म्हणजे त्यावरची तांबडी साल सैल होते. गर फार कोरडा झाला की सोलताना फुटतो, ओलसर राहिला की साल निघत नाही. या दोहोंमधली वेळ साधली तरच अख्खा गर हाती लागतो.

शेवटचं काम प्रतवारीचं. उजेडाच्या खिडकीजवळ लांब टेबल, त्यावर गराची रास आणि समोर बसलेल्या बायका. मुरलेली बाई गर मोजत नाही, वजन करत नाही. दोन बोटांनी उचलते, उलटा करून डाग बघते आणि २१० च्या किंवा २४० च्या ढिगात टाकते. नंतर तपासणीला पाऊंडभर गर मोजले तर आकडा बहुतेक वेळा बरोबर निघतो. मोठ्या कारखान्यांत आता रंग ओळखणारी आणि आकार वेगळे करणारी यंत्रं आली आहेत. तरी यंत्रातून निघालेल्या मालावरून शेवटची नजर फिरते ती माणसाचीच. काजूच्या कारखान्यांतलं बहुतेक मनुष्यबळ बायकांचं आहे आणि सोलणी-कापणीची मजुरी बऱ्याच ठिकाणी किलोवर आहे. म्हणजे किमतीतला सगळ्यात मोठा फरक ज्यांच्या बोटांतून पडतो, त्यांना तो फरक मजुरीत क्वचितच दिसतो.

आफ्रिकेच्या बीला कसोटी, चंदगडच्या बीला अंदाज

आता मूळ मुद्दा. देशातल्या कारखान्यांना लागणारी बी देशात पुरेशी पिकत नाही. आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ, टांझानिया या देशांतून कच्ची बी जहाजाने येते. तिच्यावरची आयात जकात २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून २.५ टक्क्यांवर आणली गेली. ही बी विकत घेताना आयातदार मूठभर हातावर खेळवून दर ठरवत नाही. करारात तीन गोष्टी लिहिलेल्या असतात : किलोत किती बिया, ओलावा किती आणि उतारा किती. उतारा म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पाऊंड चांगला गर निघेल तो आकडा. ठरल्यापेक्षा उतारा कमी निघाला तर पैसे कापले जातात.

म्हणजे हजारो मैलांवरच्या बीसाठी ही कसोटी रोजची आहे. तिलारी घाट किंवा चोर्ला घाट उतरून येणाऱ्या आपल्या बीला मात्र ती लागत नाही.

त्याने काय बिघडतं, ते आकड्यात बघू. साध्या झाडाची बी पाच ग्रॅमची आणि तिच्यात २८ टक्के गर धरला, तर एक गर १.४ ग्रॅमचा. पाऊंडात असे ३२४ बसतात, म्हणजे ३२० च्या प्रतीची वेस. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ ही जात घेतली तर बी सरासरी ७.७ ग्रॅमची आणि गर ३१ टक्के. एक गर २.४ ग्रॅमच्या आसपास, पाऊंडात साधारण १९०, म्हणजे २१० ची प्रत. वेंगुर्ला-७ ची बी दहा ग्रॅमची, तिचा गर थेट १८० मध्ये जातो. कलमं आणून, खत-पाणी घालून ज्याने ही बाग उभी केली त्याची बी आणि रानातल्या साध्या झाडाची बी एकाच पोत्यात ओतली जाते आणि एकाच दराने जाते. पुढे कारखान्यात ती दोन वेगळ्या ढिगांत पडते. दोन ढिगांमधला फरक कारखान्यात राहतो, बागेपर्यंत येत नाही.

ओलाव्याचं तर आणखी उलटं आहे. ताज्या बीत १६ टक्के ओलावा धरा. ती तीन दिवस उन्हात घालून ९ टक्क्यांवर आणली तर १०० किलोचे साधारण ९२ किलो होतात. किलोला १२० रुपये दर समजला तर वाळवणाऱ्याच्या खिशातून नऊशेहून जास्त रुपये गेले. पोत्याला एकच भाव असेल तर नीट वाळवणारा वेडा ठरतो आणि ओली बी घालणारा शहाणा. मग व्यापारीही सगळीच बी ओली धरून दर पाडतो. कोणीच कोणावर विश्वास ठेवत नाही आणि त्याची किंमत प्रामाणिक बागायतदार मोजतो.

किलोभर बी, कटर आणि वजनकाटा

उताऱ्याची चाचणी अवघड नाही. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी बी काढून किलोभर नमुना घ्यायचा. बिया मोजायच्या, तो झाला पहिला आकडा. मग प्रत्येक बी उभी कापायची. भरदार चांगले गर एका बाजूला, डागी किंवा थोडे पोचट दुसऱ्या बाजूला, काळे, किडलेले आणि फोल तिसऱ्या बाजूला. गर सालीसकट वजन करायचे. चांगल्याचं पूर्ण वजन आणि डागीचं निम्मं, यांची बेरीज ग्रॅममध्ये. तिला ०.१७६ ने गुणलं की उतारा आला. समजा चांगला गर २६५ ग्रॅम आणि डागी २० ग्रॅम निघाला, तर बेरीज २७५. उतारा साडेअठ्ठेचाळीस पाऊंड.

शेजारच्या बागेतली बी ४४.५ वर आली असं समजा. चार पाऊंडांचा फरक म्हणजे ८० किलोमागे १.८ किलो गर. गराचा सरासरी दर ७०० रुपये धरला तर पोत्यामागे सुमारे १,२७० रुपये, म्हणजे किलोमागे जवळपास १६ रुपये. साल आणि वाळणीची घट वजा केली तरी तेरा-चौदा रुपये उरतात. दर बदलेल तसा हा आकडा बदलेल, पण प्रमाण लक्षात घेण्यासारखं आहे.

तीन राज्ये, योजना मात्र सरसकट

काजू केंद्राच्या हमीभावाच्या यादीत नाही. त्यामुळे जे काही मिळतं ते राज्याकडून. गोवा सरकारने २०२३ मध्ये आधारभूत दर किलोला १५० रुपये केला आणि बाजारभाव त्याखाली असला तर फरक सरकार देतं. महाराष्ट्राने २०२४ च्या हंगामासाठी किलोला १० रुपये अनुदान जाहीर केलं. त्याआधी २०२३ च्या अर्थसंकल्पात कोकणासह आजरा-चंदगडसाठी काजू फळ विकास योजना आणि काजू मंडळाची घोषणा झाली होती. गोव्याचा दर गोव्यातल्या बागायतदारापुरता आणि महाराष्ट्राचं अनुदान महाराष्ट्रापुरतं. कणकुंबी-जांबोटीकडचा बागायतदार या दोन्हींच्या बाहेर. बाग एका डोंगराच्या या उतारावर की त्या, यावर बीची किंमत बदलते. पलीकडचा दर चढा असला की पोती कुठल्या रस्त्याने जातात, हे घाटातल्या कोणालाही ठाऊक आहे.

मदत हवीच, त्यात वाद नाही. पण या मदतीत एक समान उणीव आहे. ती किलोवर आहे, प्रतीवर नाही. वर काढलेला तेरा-चौदा रुपयांचा फरक महाराष्ट्राच्या दहा रुपयांच्या अनुदानापेक्षा जास्त आहे. सरकारी तिजोरीला हात न लावता, फक्त मोजून खरेदी केली, तरी चांगल्या बागायतदाराला अनुदानाएवढे पैसे बाजारातूनच मिळू शकतात.

भौगोलिक मानांकनाचंही तसंच. वेंगुर्ल्याच्या काजूला ते मिळालं, २०२३ मध्ये गोव्याच्या काजूलाही मिळालं. बाहेरचा माल स्थानिक म्हणून विकला जातो, या तक्रारीवर ते एक उत्तर आहे. पण मानांकन गाव सांगतं, प्रत सांगत नाही. आणि प्रतीचा आकडा माप सांगतो, गाव सांगत नाही. पाकिटावर दोन्ही असतील तेव्हाच गिऱ्हाइकाला पूर्ण माहिती मिळाली असं म्हणता येईल.

कारखानदाराची बाजू

छोट्या कारखानदाराला लुटारू ठरवणं सोपं आहे, बरोबर नाही. वर्षभराची बी त्याला तीन महिन्यांत विकत घ्यावी लागते, तीही बहुधा कर्जावर. पुढच्या नऊ महिन्यांत गराचा दर कुठे जाईल, त्याच्या हातात नसतं. २००६ पासून गराच्या निर्यातीत व्हिएतनाम भारताच्या पुढे आहे. स्वस्त गर आत येऊ नये म्हणून २०१९ मध्ये केंद्राने गराच्या आयातीचा किमान दर तुकड्याला ६८० आणि अख्ख्याला ७२० रुपये किलो केला, त्याच वर्षी आयात जकातही ४५ वरून ७० टक्क्यांवर नेली. त्या भिंतीच्या आत देशी कारखाना उभा आहे.

त्याचं म्हणणं असं : एकेक बागायतदार पन्नास-शंभर किलो घेऊन येतो. प्रत्येकाची किलोभर बी कापायची, अर्धा तास घालवायचा, हे दारात रांग असताना जमत नाही. शिवाय पोत्यात चार जातींची बी मिसळलेली. कोवळी पाडलेली बी असते, बोंडूचा गर चिकटलेली असते. यातलं काही खोटं नाही. झाडावरून बोंडू पिकून आपोआप पडू दिला तर बी भरते, काठीने पाडला तर पोचट निघते. दर चढा असला की धीर सुटतो, हे बागायतदारही मान्य करतात.

पण हे सगळं एकेकट्या व्यवहाराला लागू आहे. गावातल्या वीस-पंचवीस जणांची बी सोसायटीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत एकत्र आली, कलमी आणि साधी वेगळी ठेवली, आकाराच्या चाळणीतून काढली, तर दोन-तीन टनांचा एकसारखा माल तयार होतो. त्यासाठी एकच चाचणी पुरते. चाळणी, कटर, ओलावा मोजायचं यंत्र आणि वजनकाटा, एवढ्या सामानाला फार मोठं भांडवल लागत नाही. काजू मंडळाच्या नावाने जो पैसा येईल त्यातून पहिल्यांदा हे खरेदी केंद्रांवर यायला हवं. प्रक्रिया प्रकल्पांचं उद्घाटन नंतरही करता येईल.

गिऱ्हाइकानेही मोजावं

प्रतीची फसवणूक विक्रीच्या टोकालाही होते. २४० सांगून ३२० देणं, वरच्या थरात मोठे आणि खाली लहान भरणं, हे जुने प्रकार. त्यावर घरच्या घरी उपाय आहे. पाव किलोत १८० च्या प्रतीचे ९९ पर्यंत गर बसतात, २१० चे ११५ पर्यंत, २४० चे १३२ पर्यंत, ३२० चे १७६ पर्यंत. पाकीट फोडून एकदा मोजलं की दुकानदार खरं बोलतो की नाही ते कळतं. सालीसकट भाजलेल्या, मीठ लावलेल्या गोव्याच्या काजूत रंगाची प्रत दिसत नाही, तिथे आकार आणि खवटपणा एवढंच तपासता येतं.

आणि मोठा म्हणजे चविष्ट, असं नाही. पाहुण्यांपुढे ठेवायला २१० घ्यावा, पण उसळीत, पुलावात, चिवड्यात ३२० किंवा पाकळीही तितकीच रुचते. आकारासाठी मोजलेला पैसा हा दिसण्याचा पैसा आहे.

या हंगामात

प्रतवारीने बागायतदाराचे सगळे प्रश्न सुटणार नाहीत. फेब्रुवारीतलं धुकं, मोहोरावरचा ढेकण्या, मार्चमधला अवकाळी पाऊस, माकडं आणि गवे, मजुरांची टंचाई, ही यादी तशीच राहील. दर पडला की तो चांगल्या बीचाही पडेल. पण पडत्या दरातही भरदार, वाळलेली, मोठी बी आणि ओली, पोचट बी यांतला फरक कागदावर आला, तर पुढच्या वर्षी कलम लावायचं की नाही, वाळवायचं की नाही, याचा निर्णय बागायतदार समजून घेऊ शकेल.

पहिल्या तोडीची बी घालायला जाताना एखाद्या गावाने आपला उतारा काढून आकडा चिठ्ठीवर लिहून नेला, तर व्यापारी त्याला लगेच जादा दर देईलच असं नाही. पण तो आकडा खोडून काढायचा असेल तर त्यालाही बी कापून दाखवावी लागेल.